रफल: वीस वर्षांपूर्वीचं ग्रहण पुन्हा लावून पाहिलं तेव्हा

ताईचा फोन आला तेव्हा मी मंडईतून नुकती घरी पोचले होते. ताई म्हणजे माझी मामेबहीण. पुण्यात धनकवडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते.

"अगं, तुझं ते ग्रहण होतं ना, बटण दाबलं की चंद्र फिरायचा? ते आहे का अजून?"

"ताई, ते फ्लॅशमधलं होतं. फ्लॅश मेलं."

"मेलं म्हणजे? सीडी दिली होतीस की मला. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे खंडग्रास दिसणार. पोरांना आत्तापासून समजवायचंय. ते पाच अंशांचं तुझ्या त्या चित्राशिवाय कुण्णाच्या डोक्यात शिरत नाही."

तिचं बरोबर होतं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून दर अमावास्येला ग्रहण लागत नाही. फळ्यावर हे सांगून कळत नाही. कल शून्यावर आणला की दर महिन्याला ग्रहण, पाचावर नेला की सावली वरून किंवा खालून निसटते, हे पोरांनी स्वतः फिरवून बघावं लागतं. २००६ साली कुमठेकर रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून मी ते चित्र केलं होतं. चंद्र-सूर्य फ्लॅशमध्ये, म्हणजे पानात हलती चित्रं दाखवायच्या त्या काळच्या सॉफ्टवेअरमध्ये (अडोबीनं ते २०२० च्या अखेरीस बंद केलं), आणि बाजूची बटणं, मराठी मजकूर, कलाचे आकडे साध्या एचटीएमएल पानावर. पानावरचं बटण दाबलं की जावास्क्रिप्ट फ्लॅशला सांगणार, फ्लॅश चंद्र फिरवणार आणि चंद्र कुठे पोचला ते पानाला परत कळवणार. असा दुतर्फा संसार.

सीडी सापडली माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्यात. ती वाचायला घरात एकही ड्राइव्ह नव्हता, म्हणून तपकीर गल्लीत जाऊन यूएसबीवर चालणारा घेतला. दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ग्रामोफोनची सुई मागितली. फाइल निघाली १८० केबीची. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं, तेव्हा १८० केबी जास्त होतात म्हणून ऑफिसातल्या सरांनी दोनदा परत पाठवली होती.

आता ज्याच्याबद्दल लिहायला बसले ते रफल. फ्लॅशच्या फाइली आजच्या ब्राउझरमध्ये चालवणारा हा फुकट, मुक्तस्रोत प्लेअर. रस्ट भाषेत लिहिलाय, वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येईल अशा रूपात, उतरवलाय, त्यामुळे बघणाऱ्याला प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं वेगळं सॉफ्टवेअर, टाकावं लागत नाही. इंटरनेट आर्काइव्हनं २०२० च्या नोव्हेंबरात जुने फ्लॅश खेळ आणि चित्रफिती जिवंत ठेवायला हाच घेतला. एवढी ओळख पुरे. रफलवर लिहिणारे बहुतेक जण "जुने गेम चालतात" एवढं सांगून थांबतात. मला गेम चालवायचे नव्हते. पान आणि चित्र यांच्यातलं बोलणं वीस वर्षांनी पुन्हा जमतंय का, हे बघायचं होतं. त्या काळातही खरा त्रास तिथेच होता.

तो त्रास आजच्या पोरांना सांगितला तर खोटा वाटेल. चित्र पानात बसवायला दोन टॅग लागायचे, एकाच्या पोटात दुसरा. बाहेर ऑब्जेक्ट, इंटरनेट एक्सप्लोररसाठी, त्यात ॲक्टिव्हएक्सचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्लगइन-पद्धतीचा, तो लांबलचक ओळखक्रमांक, क्लासआयडी. आत एम्बेड, नेटस्केप आणि त्याच्या वंशजांसाठी. नाव दोघांनाही द्यायचं, ऑब्जेक्टला आयडी म्हणून, एम्बेडला नेम म्हणून. मग स्क्रिप्टमध्ये विचारायचं: ब्राउझरच्या नावात "मायक्रोसॉफ्ट" आहे का? असेल तर चित्र विंडोकडे माग, नसेल तर डॉक्युमेंटकडे. हे फंक्शन आम्ही प्रत्येक पानात डोळे मिटून चिकटवायचो.

तेही २००५ नंतरचं सुख. फ्लॅश ८ मध्ये एक्स्टर्नलइंटरफेस, म्हणजे पान आणि चित्र यांना थेट बोलू देणारी सोय, आली तेव्हा. त्याआधी चित्रातून पानाला हाक मारायची तर एफएसकमांड. एक्सप्लोररमध्ये ती ऐकू यावी म्हणून पानात व्हीबीस्क्रिप्टच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या स्क्रिप्टभाषेच्या, दोन-तीन ओळी ठेवायच्या, त्यांनी ऐकून जावास्क्रिप्टला सांगायचं, म्हणजे निरोप्याचा निरोप्या. नेटस्केप ४ मध्ये हेच लाइव्हकनेक्टमार्फत जायचं, म्हणजे आधी जावा सुरू होणार. तेवढ्यात चहा होऊन जायचा. नेटस्केप ६ आलं आणि ते बोलणंच बंद पडलं. मॅकवरच्या एक्सप्लोररमध्ये तर पानानं फ्लॅशशी बोलायची सोयच नव्हती. हे मला कळलं नारायण पेठेतल्या एका डीटीपीवाल्याच्या मॅकवर. त्याचं लग्नपत्रिकांचं काम थांबवून मी अर्धा तास बटणं दाबत बसले होते.

अखेर २००४ मध्ये मोझिला, ऑपेरा, ॲपल, मॅक्रोमीडिया, अडोबी आणि सन एकत्र बसले आणि प्लगइनशी बोलायची एक सामाईक पद्धत ठरवली. मायक्रोसॉफ्ट त्यात नव्हतं. म्हणून दोन टॅग आणि ते "मायक्रोसॉफ्ट आहे का" विचारणारं फंक्शन आमच्या गळ्यात राहिलंच.

आणखी एक नाटक २००६ च्या एप्रिलमध्ये झालं. इओलास नावाच्या कंपनीनं पेटंटवरून मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं होतं, ५२ कोटी डॉलरच्या घरातला निकाल लागला होता. त्यातून सुटायला मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोररमध्ये असा बदल केला की पानातलं कुठलंही फ्लॅशसारखं चित्र आधी एकदा क्लिक करून "जागं" करावं लागायचं. गंमत अशी की पानावरची माझी बटणं चालत होती, कारण ती स्क्रिप्टमधून बोलायची. चित्रातली सरकपट्टी मात्र पहिल्या क्लिकला ढिम्म. ज्यांचं काम होतं त्या गृहस्थांचा फोन आला: "बाई, तुमचा चंद्र दोनदा सांगितल्याशिवाय ऐकत नाही." उपाय हा की टॅग पानात थेट लिहायचा नाही, बाहेरच्या जावास्क्रिप्ट फाइलीतून लिहून घ्यायचा. एसडब्ल्यूएफऑब्जेक्ट नावाची फुकट फाइल मिळायची, ती वापरली. कोर्टाच्या निकालासाठी शंभरावर पानं बदलत बसले होते, भारनियमनाच्या वेळा सांभाळून.

हा सगळा इतिहास उगाळला कारण ती पानं तशीच्या तशी रफलपुढे ठेवायची होती. दोन टॅग, बाहेरून लिहिलेला टॅग, सगळ्या ठिगळांसकट.

पानातल्या फ्लॅशसाठी रफल दोन प्रकारे वापरता येतं. बघणाऱ्यानं आपल्या क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एक्स्टेंशन टाकायचं, किंवा पानाच्या मालकानं रफलच्या फाइली आपल्या सर्व्हरवर ठेवून पानात एक स्क्रिप्ट ओळ जोडायची. शाळेतल्या पोरांना एक्स्टेंशन टाकायला लावणं शक्य नव्हतं, म्हणून मी दुसरी वाट धरली. झिप उघडली तर आत एक मुख्य जावास्क्रिप्ट, आणखी काही तुकडे आणि दोन मोठ्या वॅझम, म्हणजे वेबअसेंब्लीच्या, फाइली. मला वाटलं एक जास्तीची असेल, काढून टाकू. काढू नका. नव्या आणि जुन्या ब्राउझरसाठी त्या वेगवेगळ्या आहेत, ब्राउझर पाहून रफल आपली आपण उचलतं.

पहिली ठेच: घरच्या संगणकावर पान डबलक्लिक करून उघडलं. रफलनं भलीमोठी पाटी लावली की थेट डिस्कवरून उघडलेल्या पानात मी चालणार नाही, ब्राउझर सुरक्षेसाठी अडवतो. म्हणजे माझी सीडी आता सीडी म्हणून कायमची गेली. तेव्हा सीडी आत सरकवली की पान आपोआप उघडायचं, इंटरनेटची गरजच नव्हती. हे मला टोचलं.

दुसरी ठेच: माझ्या होस्टिंगवर फाइली चढवल्या. पुन्हा पाटी, वॅझम फाइल चुकीच्या प्रकारानं पाठवली जातेय म्हणून. मात्र या पाट्यांचं मला मनापासून कौतुक आहे. "काहीतरी चुकलं" म्हणून हात वर करत नाहीत, काय चुकलं आणि कुठे बघायचं ते लिहितात. सर्व्हरच्या एचटीॲक्सेस फाइलीत एक ओळ घातली, काम झालं. होस्टिंगवाल्यांच्या मदत क्रमांकावर त्याआधी मी पाऊण तास घालवला होता. तिथला मुलगा शेवटी "मॅडम, फ्लॅश बंद झालंय" म्हणाला.

तिसरी ठेच माझीच. रफलची ओळ मी सवयीनं पानाच्या तळाशी टाकली. पान उघडलं तर चंद्राच्या जागी माझाच २००६ चा निरोप: "हे पाहण्यासाठी फ्लॅश प्लेअर आवश्यक आहे." अगदी भूत बोलल्यासारखं. झालं असं की एसडब्ल्यूएफऑब्जेक्ट आधी जागं व्हायचं, ब्राउझरच्या प्लगइनच्या यादीत फ्लॅश शोधायचं, ते नाही म्हणून हात झटकायचं. रफल त्या यादीत फ्लॅशचं सोंग घेऊन उभं राहतं, पण त्यासाठी ते आधी हजर हवं. ओळ उचलून हेडमध्ये, सगळ्यांच्या वर नेली. पान पुन्हा उघडलं.

आणि चंद्र आला.

नुसता आला नाही. मी "कल: ५" हे पानावरचं बटण दाबलं आणि कक्षा कलली. पुढची अमावास्या आली, सावली पृथ्वीच्या वरून निघून गेली, आणि उजवीकडे पानावर "ग्रहण नाही" उमटलं. म्हणजे पान चित्राशी बोललं आणि चित्र पानाशी. बाहेरून लिहिलेला टॅगही रफलनं हेरला, ऑब्जेक्टच्या पोटातला एम्बेडही नीट समजून घेतला, आणि पानाशी बोलायची परवानगी देणारा ॲलोस्क्रिप्टॲक्सेस तेव्हा मी लिहिला होता, तोही मानला.

कोडमध्ये मी एकच गोष्ट बदलली होती. ते "मायक्रोसॉफ्ट आहे का" विचारणारं फंक्शन. उत्सुकता म्हणून आजच्या ब्राउझरना त्यांचं नाव विचारून पाहिलं. क्रोम म्हणतो नेटस्केप. फायरफॉक्स म्हणतो नेटस्केप. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा एजसुद्धा म्हणतो नेटस्केप! ज्याला त्यांनी संपवलं त्याचंच नाव आता त्यांच्या लेकराला. जुनी पानं मोडू नयेत म्हणून हे असंच ठेवायचं ठरलंय. मी दोन्ही फांद्या छाटल्या आणि "या आयडीचा घटक दे" एवढी एक ओळ ठेवली. सगळीकडे तीच चालली.

वीस वर्षांपूर्वीच्या दोन सवयी इथे उपयोगी पडल्या, त्या ज्यांच्याकडे जुनी पानं आहेत त्यांनी बघाव्यात. एक, मी पान उघडताक्षणी चित्राला हाक मारत नव्हते, दर शंभर मिलिसेकंदांनी "तयार आहेस का?" विचारत राहायचे. रफलला आधी आपली वॅझम उतरवून घ्यायची असते, त्यामुळे चित्र तयार व्हायला उशीर होतो. घाईनं हाक मारणारी पानं इथे "असं फंक्शनच नाही" म्हणून पडतील. दोन, चित्रातल्या फंक्शनला मी आधी "प्ले" नाव दिलं होतं, एक्सप्लोररमध्ये ते ॲक्टिव्हएक्सच्या स्वतःच्या प्लेशी भांडायला लागलं म्हणून बदलून "चालूकर" केलं, रोमन लिपीत. सर हसले होते. रफलच्या प्लेअरलाही स्वतःची प्ले नावाची क्रिया आहे, तेव्हा ते मराठी नाव आजही पथ्यावर पडलं.

आता तक्रार. चित्रात खाली एक चौकट होती, तिथे तिथीचं नाव यायचं. रफलमध्ये तिथे रोमन अक्षरं, उभ्या रेघा आणि टोप्या घातलेले स्वर यांची खिचडी आली. पाहताक्षणी ओळखलं. पानावरचा मजकूर युनिकोडमध्ये होता, पण चित्रांच्या कामात ते आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. तिथे आपण सगळे पुण्याच्याच श्रीलिपीत नाहीतर सीडॅकच्या फाँटांत टाइप करायचो. आत साठवलेली अक्षरं रोमनच, फाँटानं त्यांना देवनागरीचं सोंग दिलेलं. बाकी सगळा मजकूर मी दोनदा फोडून आकारच करून टाकला होता, तो रफलमध्ये रेघ न रेघ शाबूत आला, अगदी जोडाक्षरांसकट. पण तिथीची चौकट बदलती, तिथे फाँट आत भरायचा राहून गेला. ऑफिसातल्या सगळ्या संगणकांवर फाँट होता, म्हणून तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. सोंग उतरलं आणि खालची खिचडी दिसली.

दोष माझा, हे मान्य. तरीही देवनागरीच्या बाबतीत रफलकडून फार अपेक्षा ठेवू नका. यंत्रातल्या फाँटावर विसंबलेला मराठी मजकूर तुमच्या फाइलीत असेल तर तो असाच येणार, हे धरून चाला. रफलला बाहेरून फाँट पुरवायची सोय आहे, पण त्या खटपटीत मी पडले नाही.

मग काय केलं? चित्र प्रत्येक तिथीला पानाला हाक मारत होतंच. त्या हाकेवर पानानं युनिकोडमध्ये तिथी लिहायची आणि तो डबा बरोबर त्या खिचडीवर झाकण म्हणून ठेवायचा. हे तेव्हा जमलं नसतं. जुना प्लगइन पानाच्या डोक्यावर बसायचा, पानाचा खाली उघडणारा मेनूसुद्धा चित्रामागे गडप व्हायचा, मग डब्ल्यूमोड नावाच्या सेटिंगच्या खटपटी. रफल पानाच्याच साध्या कॅनव्हास घटकावर काढतं, त्यामुळे वर काहीही निमूट बसतं. आता "अमावास्या" मूळ श्रीलिपीपेक्षा सुबक दिसतं.

थोडं बाकीचं. वेग उत्तम, माझ्या आठ वर्षांच्या लॅपटॉपवर चंद्र अडखळला नाही. वजन मात्र भारी: १८० केबीच्या चित्रासाठी कित्येक एमबींचा प्लेअर उतरतो. सर असते तर तिसऱ्यांदा परत पाठवलं असतं. चित्राला आवाज असेल तर एक क्लिक करेपर्यंत मुका राहतो, तो ब्राउझरचा नियम आहे. फ्लॅशची स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा ॲक्शनस्क्रिप्ट, तिच्या जुन्या दोन आवृत्त्यांचं काम रफलनं फार पुढे नेलंय, तिसऱ्या आवृत्तीतल्या मोठ्या कामांना अजून अडचणी येतात. माझं सगळं दुसरीतलं, म्हणून मी सुटले. आणि रोज नवी आवृत्ती निघते, म्हणून जी चालली ती जपून ठेवा, रोज बदलत बसू नका.

"एजमध्ये जुना एक्सप्लोरर मोड आहे की, तो लाव," असं मला एका जुन्या सहकाऱ्यानं सुचवलं. त्या मोडमध्ये ॲक्टिव्हएक्सची पानं उघडतात हे खरं, कित्येक कचेऱ्या त्यावरच तगून आहेत. पण फ्लॅशला तिथेही थारा नाही. अडोबीनं फ्लॅशच्या शेवटच्या आवृत्त्यांच्या पोटातच टायमर ठेवला होता; १२ जानेवारी २०२१ पासून तो स्वतःच चालायला नकार देतो. तेव्हा हा रस्ता बंद.

माझ्याकडून पाचापैकी चार. मराठीसाठी एक कापला, त्यातला अर्धा खरं तर माझाच कापायला हवा.

मागच्या शनिवारी ताईच्या शाळेत गेले. प्रयोगशाळेतलं इंटरनेट नेहमीप्रमाणे पावसाबरोबर गेलेलं. पायथनच्या एका ओळीत तिथल्याच एका संगणकावर छोटा सर्व्हर उभा केला, राउटरवरून बाकीच्यांना पान दिलं. एका मुलानं तेच पान ताईच्या आयफोनवर उघडलं. फ्लॅश ज्यावर कधीच चाललं नाही, तिथे माझा चंद्र अंगठ्यानं फिरत होता. फक्त गोलांवर माउस नेल्यावर नाव दिसायचं, ते फोनवर दिसत नाही, कारण बोट हवेत धरून चालत नाही.

सगळ्यांनी कल शून्यावर नेऊन दर महिन्याला ग्रहण लावलं. कुणी तरी उणे पाच मागितला, तो माझ्या सरकपट्टीत नव्हताच.

"आणि चंद्रग्रहणाचं?" ताई म्हणाली. "त्या सीडीत दोन होती."

होती. ती २००२ ची, सेटव्हेरिएबलच्या, म्हणजे पानातून चित्रातले आकडे बदलायच्या जुन्या पद्धतीची, व्हीबीस्क्रिप्टच्या निरोप्यासकट. त्यांत हात घालायचा मी कंटाळा केला होता.

"बघते," म्हटलं.

"बघते नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी दे."